ओरडणारा तोच दोषी काय?



संगणकाच्या बिघाडावर बोलायला कामगार चळवळीतला माणूस कशाला, असे आपणांपैकी काहींना वाटले असेल. मी या विषयाचा पदवीधर नाही. पण चौकशी कशी करावी आणि कशी करू नये, हे कारखान्याच्या फाटकावर शिकलो आहे. आणि आजचा विषय मुळात चौकशीचाच आहे.

ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा म्हणजे कर्नेल. डिस्कवरील कोणता ठोकळा कोणत्या फाइलचा, याची खातेवही सांभाळणारा त्यातील कारकून म्हणजे फाइल-सिस्टिमचा ड्रायव्हर. लिनक्समध्ये बहुधा हे काम ‘एक्स्ट४’ करतो. त्याच्या खाली ठोकळ्यांची ने-आण करणारा ब्लॉक थर, त्याखाली डिस्कचा ड्रायव्हर, आणि तळाशी केबल व डिस्क. हिशेब चुकला की ओरड कारकूनच करतो, कारण वही तोच तपासतो. मग आपण त्यालाच दोषी धरतो!

२०१८ साली असेच घडले. ऑक्टोबरात लिनक्सची ४.१९ आवृत्ती निघाली आणि नोव्हेंबरात तक्रारी आल्या की, फाइली नासतात. संदेशांवर नाव एक्स्ट४चे. डिसेंबरात दोष सापडला तो खालच्या ब्लॉक थरात. यंत्राने ‘सवड नाही’ म्हणून परत केलेल्या मागणीला कधीकधी दुसरी मागणी जोडली जाई; पण पाठवणीची चिठ्ठी मात्र पहिल्याच गाठोड्यापुरती लिहिलेली असे. वाढलेला माल पोचतच नसे. ४.१९.८ या आवृत्तीत ही चूक दुरुस्त झाली.

असा दोष हुडकण्याची एक रीत आहे. जुनी आवृत्ती चांगली, नवी वाईट. मधल्या बदलांचे दोन भाग करायचे, मधली आवृत्ती तपासायची आणि दोषाचा अर्धा भाग पुन्हा दुभागायचा. दहा हजार बदल असले तरी चौदा चाचण्यांत गुन्हेगार हाती लागतो. मात्र दोष कधी दिसणारा, कधी लपणारा असेल, तर घाईने ‘निर्दोष’ म्हटलेली एकच आवृत्ती सारी चौकशी भलतीकडे नेते.

आता माझी चूक सांगतो. आमच्या कचेरीतील संगणकात कामगारांच्या ग्रॅच्युइटीच्या दाव्यांचे कागद होते. एके सकाळी त्याने लिहिणे थांबवले. फक्त वाचू देई. तो नुकसान वाढू नये म्हणून थांबला होता. मला वाटले, अडून बसला. प्रत न घेता मी ‘एफएससीके’ ही दुरुस्ती चालवली. वही जुळली, पण कित्येक फाइली नाव हरवून ‘लॉस्ट अँड फाउंड’मध्ये पडल्या. नंतर कर्नेलची नोंदवही वाचली. एक्स्ट४च्या ओरडीच्या आधी, अगदी पहिल्या ओळीत, डिस्कशी संबंध तुटल्याची नोंद होती. केबल सैल होती! ते दावे पुन्हा उभे करायला आम्हांला कामगारांच्या दारोदार हिंडावे लागले.

म्हणून क्रम ध्यानात ठेवा. प्रथम लिहिणे थांबवा. नोंदवही दुसरीकडे जपून ठेवा आणि शेवटची नव्हे, पहिली तक्रार वाचा. केबल, डिस्क व मेमरी तपासा. मग डिस्कची संपूर्ण प्रत घ्या, आणि दुरुस्ती त्या प्रतीवर करा. चालू, जोडलेल्या फाइल-सिस्टिमवर कदापि नको. दुरुस्तीने वही जुळते. गेलेला माल परत येईलच असे नाही.

तक्रार करणाऱ्यालाच शिक्षा देण्याची खोड आपल्या समाजात जुनी आहे. निदान यंत्रापुढे तरी ती सोडू या.