अडलेला दांडा

श्रोतेहो, यंत्र अडले की माणसाला बहुधा दोनच उपाय सुचतात. एक जोर लावण्याचा आणि दुसरा यंत्र बनविणाऱ्याला दूषणे देण्याचा. गेल्या वर्षी मार्च महिन्यातल्या एका सकाळी, सिमल्यातील एका चांगल्याच उतरत्या रस्त्यावर, मी हे दोन्ही उपाय यथासांग करून पाहिले. माझी मोटार स्वयंचलित गिअरची आहे. तिचा दांडा 'पी' या अक्षरापाशी, म्हणजे गाडी उभी करून ठेवण्याच्या जागी, असा काही रुतून बसला होता की दोन्ही हातांनी ओढूनही हलेना.

एरवी अशा प्रसंगाची गोष्ट करून सांगावी असे मला वाटले नसते. परंतु त्या सकाळी मागच्या आसनावर माझे वडील बसले होते. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. वय अठ्ठ्याहत्तर. त्यांची थोरली बहीण, आमच्या आक्का, कऱ्हाडला अंथरुणाला खिळल्याचा फोन आदल्या रात्री आला होता. 'भेटायचे असेल तर लवकर या', एवढाच निरोप. कालक्याहून दुपारची गाडी गाठायची, दिल्लीला उतरायचे आणि रात्रीच्या विमानाने पुणे, असा बेत होता. सिमल्याहून कालका नव्वद किलोमीटरांच्या आसपास, आणि सारी वाट उताराची व वळणांची. हाताशी वेळ बेताचा होता आणि गाडी जागची हलत नव्हती.

आता या दांड्याची थोडी माहिती सांगणे प्राप्त आहे. आपल्याकडे अलीकडे जी स्वस्त स्वयंचलित मोटार घरोघर दिसते, तिच्यात २०१४ सालापासून रूढ झालेली एक वेगळी योजना असते. आतला गिअर नेहमीचाच, फक्त क्लच दाबण्याचे आणि गिअर बदलण्याचे काम यंत्र करते. या गाड्यांना बहुधा 'पी' नसतोच, त्यामुळे त्यांच्या मालकांनी माझ्या दुःखाकडे तटस्थपणे पाहावे. ज्या गाड्यांत 'पी' असतो, त्यांत गिअरपेटीच्या आत एक दातेरी चाक असते आणि त्या चाकाच्या खाचेत पडणारी एक पोलादी खिटी असते. जुन्या रहाटाला उलटा फिरू न देणारी खिटी ज्यांनी पाहिली असेल, त्यांना अधिक सांगावयास नको. दांडा 'पी'वर नेला की खिटी खाचेत पडते आणि चाके जखडली जातात. अंगठ्याएवढ्या त्या लोखंडी तुकड्यावर हजार-बाराशे किलोंची गाडी उतारावर तोलून धरलेली असते.

माझा पहिला तर्क या खिटीवरच गेला. उतारावर गाडी उभी करताना आपण घाईने दांडा 'पी'वर नेतो आणि ब्रेकवरचा पाय काढतो. गाडी वीतभर सरकते आणि तिचा सगळा भार खिटीवर येऊन पडतो. मग ती खिटी खाचेतून सुटता सुटत नाही. खरी रीत अशी की पाय ब्रेकवर असतानाच दांडा 'एन'वर न्यावा, हँडब्रेक ओढावा, पाय हलकेच सोडून गाडीचा भार हँडब्रेकवर येऊ द्यावा आणि मग 'पी' लावावा. रीत मला ठाऊक होती. ती रोज पाळतो असे मात्र म्हणवत नाही. शेजारच्या बंगल्यातील दोन तरुणांनी गाडी चढाच्या बाजूला किंचित रेटून धरली, म्हणजे खिटीवरचा भार कमी व्हावा. तरीही दांडा हलला नाही.

तेव्हा ध्यानात आले की हे जखडणे वेगळ्या जातीचे आहे. खिटीवर भार असला तर दांड्याचे बटण दाबले जाते, दांडा जड लागतो आणि मग धक्क्यासरशी सुटतो. येथे बटणच आत जात नव्हते. याचा अर्थ दांड्यालाच आतून कोणी कुलूप घातले होते.

या कुलपाला इतिहास आहे. १९८६ साली अमेरिकेतील दूरचित्रवाणीच्या एका गाजलेल्या कार्यक्रमात ऑडी कंपनीच्या '५०००' या मोटारीविरुद्ध तक्रारी मांडण्यात आल्या. दांडा 'पी'वरून काढताच गाडी आपोआप उसळून धावते, असे चालकांचे म्हणणे होते. काही अपघात खरोखरच भीषण होते. पुढे सरकारी तपास झाला आणि १९८९ च्या अहवालात निष्कर्ष निघाला तो असा की बहुतेक प्रसंगी दोष गाडीचा नसून पायाचा होता. ब्रेक समजून चालकांनी वेग वाढविण्याची पट्टी दाबली होती. परंतु तोवर कंपनीचा अमेरिकेतील खप वर्षाला सुमारे ७४ हजारांवरून घसरणीला लागला होता. १९९१ मध्ये तो १२ हजारांच्या घरात आला. दरम्यान कंपनीने एक साधा इलाज केला होता. ब्रेकवर पाय ठेवल्याशिवाय दांडा 'पी'मधून निघूच नये, अशी कडी तिने दांड्याला बसविली. वाद कोणी जिंकला आणि कोणी हरला हे बाजूला राहिले. ती कडी मात्र हळूहळू सगळ्यांनीच उचलली. घराच्या अंगणातच मोटारीखाली सापडून दगावलेल्या कॅमेरॉन गुलब्रन्सन या दोन वर्षांच्या मुलाच्या नावाने अमेरिकेत २००८ साली कायदा झाला आणि त्याने ही कडी सक्तीची केली. मुले खेळता खेळता दांडा ओढतात आणि गाडी घरंगळते, हे त्यामागचे कारण होते.

कडीचे काम चालते ते असे. ब्रेकच्या पट्टीच्या वर, तिच्या दांड्याला टेकून, बोटाएवढा एक स्विच असतो. पट्टी दाबली की तो मोकळा होतो आणि मागचे लाल दिवे लावतो. तोच स्विच गिअरच्या दांड्याजवळच्या एका लहानशा विद्युतचुंबकालाही वर्दी देतो. चुंबक कडी खेचून घेतो, बारीकसा 'टक्' असा आवाज होतो आणि बटण आत जाते. बॅटरी पार उतरली, फ्यूज उडाला, चुंबक निकामी झाला किंवा दांड्याच्या खोबणीत मुलांनी टाकलेले नाणे अडकले, की कडी निघत नाही. सांडलेला गोड चहा वाळून बटण चिकटल्याचेही मी ऐकले आहे.

सरकारी नोकरीत पंचवीस वर्षे होत आल्यामुळे मला या कडीचे विशेष नवल वाटले नाही. खालची टिप्पणी आल्याशिवाय वरची सही नाही, हे आमचे रोजचेच. आणि जेथे अडसर असतो तेथे तो ओलांडण्याचा विशेषाधिकारही कोठेतरी लिहून ठेवलेला असतो. येथेही तो होता. माहितीपुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे दांड्याच्या शेजारी नखाएवढे एक झाकण आहे. ते उचकटून आतल्या खाचेत किल्ली किंवा पेचकस दाबायचा, म्हणजे चुंबकाचे काम आपण हाताने केल्यासारखे होते. त्यापूर्वी हँडब्रेक पक्का ओढावा आणि पाय ब्रेकवर ठेवावा, नाहीतर सुटलेली गाडी कोणाची वाट पाहत नाही. मी तसे केले. दांडा लोण्यातून सुरी फिरावी तसा 'एन'वर आला. मला जो आनंद झाला तो माझ्या पहिल्या बढतीच्या वेळीही झाला नव्हता.

"चला अण्णा, सुटली!" मी म्हणालो.

अण्णांची उभी हयात राज्य परिवहनाच्या आगारात, गाड्यांच्या पोटाखाली गेली. ते स्वस्थपणे म्हणाले, "सुटली ते ठीक. पण अडली कशानं होती?"

"ते चंदीगडला दाखवता येईल. आता वेळ नाही."

"वेळ मला नाही, तुला नाही. परत 'पी' लाव, हँडब्रेक ओढ आणि पाय ब्रेकवर ठेवून बस. मी मागं जाऊन बघतो."

ते काठी टेकीत मागे गेले. काही क्षण काहीच बोलले नाहीत. मग काचेवर टकटक करून म्हणाले, "दाब ना."

"दाबलाच आहे."

"दिवे लागत नाहीत रे. तिन्ही नाहीत."

एखादा दिवा गेला असेल, असे मी म्हणणार होतो. पण तोवर त्यांनीच उत्तर दिले होते. "तिन्ही एकदम कसे जातील? त्यांना सांगणारा झोपलाय."

श्रोतेहो, त्या क्षणी माझ्या पोटात जे कालवले ते मी विसरू शकत नाही. ब्रेक स्वतः उत्तम लागत होता. त्यामुळे वाटेत मला कसलीही शंका आली नसती. मी धुक्यातून, वळणावळणांच्या उतारावरून, मागे मालाने भरलेले ट्रक घेऊन नव्वद किलोमीटर उतरलो असतो. मी थांबतो आहे हे मागच्याला अखेरपर्यंत कळले नसते. दांडा अडला होता तो याच बातमीसाठी, आणि ती बातमी मी पेचकसाने दाबून टाकली होती.

पुढचे थोडक्यात सांगतो. अण्णांना वाकता येत नाही, म्हणून पट्टीखाली डोके घालून मी पाठीवर निजलो आणि ते बाहेरून सूचना देत राहिले. फ्यूज शाबूत होता. स्विचची तारांची जोडणी काढून पुसून पुन्हा बसविली, तरी उजेड नाही. जेथे मी गाडी नेहमी दुरुस्तीला देतो, तेथे फोन केला. तेथील गृहस्थांनी गाडी ओढून आणा, दोन दिवस लागतील, बहुधा दांड्याचा सगळा संचच बदलावा लागेल, असे सांगितले. अखेर शेजाऱ्यांच्या ओळखीचा एक मिस्त्री नवा स्विच घेऊन आला. पण तो अडीच तासांनी आला. स्विच बसविण्यास त्याला पंधरा मिनिटे लागली. त्यातलीही दहा पट्टी आणि स्विच यांतले अंतर जुळविण्यात गेली, कारण अंतर कमी-अधिक झाले तर दिवे कायम तरी लागून राहतात, नाहीतर लागतच नाहीत. खर्च पाचशे रुपयांच्या आत आला. पट्टी दाबताच 'टक्' असा आवाज झाला आणि मागे अण्णांचा चेहरा लाल उजेडात दिसला.

कालक्याची गाडी अर्थातच गेली होती. त्या अडीच तासांत अण्णा बागेच्या कठड्यावर बसून होते. आक्कांचे नावही त्यांनी काढले नाही. मीच दोनदा म्हणालो की आपण टॅक्सी करू. तेव्हा ते म्हणाले, "टॅक्सीचे दिवे बघून घे, म्हणजे झालं." टॅक्सी मिळाली नाही. आम्ही दुसऱ्या दिवशी पहाटे निघालो आणि तिसऱ्या दिवशी दुपारी कऱ्हाडला पोहोचलो.

आक्का शुद्धीवर होत्या. अण्णा त्यांच्या उशाशी बसले. एक दिवस उशीर का झाला, असे त्यांनी अगदी क्षीण आवाजात विचारले. अण्णा म्हणाले, "दिवा लागत नव्हता."

त्या थोडा वेळ त्यांच्याकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "मग लागला का?"