गंभीर आजारातली आशा

कर्करोग, मूत्रपिंड निकामी होणे, हृदय थकत जाणे अशा आजाराचे निदान झाले की घरात दोन वाक्ये हमखास ऐकू येतात : ‘धीर सोडू नका’ आणि ‘पेशंटला काही कळू देऊ नका’. परळच्या टाटा कर्करोग रुग्णालयाची पायरी चढणाऱ्याला आपल्याला काय झाले असावे याचा अंदाज बहुधा आलेलाच असतो. लपवाछपवीने एवढेच होते, की मनातली भीती बोलून दाखवायला त्याला घरात कुणी उरत नाही.

आशेआधी वेदनेचा बंदोबस्त करावा लागतो. रात्रभर कण्हणाऱ्याला जगण्याचा अर्थ समजावणे हा निव्वळ कोरडेपणा आहे. लंडनमध्ये १९६७ साली सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस हे अखेरच्या आजारातल्या रुग्णांचे शुश्रूषागृह सुरू करणाऱ्या डॉ. सिसिली सॉन्डर्स यांनी वेदनेच्या हिशेबात शरीराबरोबरच मन, नातीगोती आणि श्रद्धेची तगमगही धरली. मुंबईत वांद्र्याच्या शांती आवेदना सदनात १९८६ पासून कर्करोगाच्या रुग्णांची अशी शुश्रूषा होते. तीव्र वेदनेवर मॉर्फिनच्या साध्या गोळ्या साधारण दर चार तासांनी, घड्याळ लावून दिल्या जातात. दुखणे असह्य होण्याची वाट पाहायची नसते. सोबत बद्धकोष्ठतेचे औषध लागतेच. डॉक्टरांच्या देखरेखीखाली घेतलेल्या मॉर्फिनचे व्यसन लागेल, या धास्तीने कित्येक घरांत रुग्ण विनाकारण तळमळतो.

‘किती दिवस उरले?’ हा प्रश्न टळत नाही. अमेरिकी जीवशास्त्रज्ञ स्टीफन जे गूल्ड यांना १९८२ मध्ये पोटाच्या आवरणाचा दुर्मीळ कर्करोग झाला. वैद्यकीय पुस्तकांत जगण्याच्या काळाचा मध्यक आठ महिन्यांचा होता. याचा अर्थ निम्मे रुग्ण आठ महिन्यांपलीकडे जगतात, काही तर खूपच पुढे जातात, हे त्यांनी ओळखले. ते २००२ पर्यंत जगले. हे भाग्य सर्वांना लाभत नाही, हेही खरे. पण आकडा समूहाचा असतो, समोरच्या माणसाचा नव्हे.

आजार बरा होणार नसेल तेव्हा आशेचा विषय बदलतो. आठवड्यातून तीनदा, दर वेळी चार तास डायलिसिसवर असणाऱ्याची आशा मधल्या मोकळ्या दिवसावर असते : नातवाला शाळेत सोडणे, भजनाला जाऊन बसणे. ती लहान वाटली तरी तिला तारीख असते, हे तिचे बळ. ‘पॉझिटिव्ह राहा’ या सल्ल्यात ते नाही. उलट आजार वाढला तर तो आपल्याच मनाच्या कमजोरीने, असा अपराधभाव हा सल्ला मागे ठेवतो.

कॅनडातील मनोविकारतज्ज्ञ हार्वे चोचिनोव्ह यांनी एक पद्धत घडवली. आयुष्यातले मोलाचे काय, घरच्यांना काय सांगायचे आहे, हे रुग्णाला विचारायचे, उत्तरे ध्वनिमुद्रित करून लिहून काढायची, त्याला वाचून दाखवायची आणि त्याने दुरुस्त केलेला मजकूर त्याच्या हाती द्यायचा. तज्ज्ञ नसला तरी घरी मोबाइलवर एवढे बोलणे टिपता येते. गोड्या मसाल्यात दगडफूल किती, बांधाचा वाद कसा मिटला, कोणाची माफी मागायची राहिली : आजीच्या बोलण्यातून असे बरेच निघते. थकवा आला की थांबावे.

उदासी दोन आठवडे हटली नाही, झोप आणि बोलणे दोन्ही तुटले, तर ते नैराश्य असू शकते; त्यावर उपचार आहेत.

‘पॅलिएटिव्ह केअर’ म्हणजे डॉक्टरांनी हात टेकले, हा समज चुकीचा आहे. वेदना आणि मनाची तगमग हलकी करणारी ही शुश्रूषा मूळ उपचारांच्या जोडीने चालते. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका अभ्यासात, फुप्फुसाचा कर्करोग पसरलेल्या ज्या रुग्णांना ती सुरुवातीपासून मिळाली त्यांच्यात नैराश्य कमी आढळले आणि ते इतरांपेक्षा काहीसे जास्त जगले. म्हणून तिची चौकशी पहिल्या केमोच्या वेळीच करायची असते.