चार ओळींचं टोपणनाव

मंडईतून भाजी घेतली, की मी पुष्कळदा तपकीर गल्लीत डोकावतो. तिथं माझा भाचा संगणक दुरुस्त करतो. परवा म्हणाला, "मामू, तुम्ही कवी लोक टोपणनाव घेता ना? मी या संगणकाला रोज नवं देतो."

गोष्ट अशी. वाय-फायने जोडल्या जाणाऱ्या प्रत्येक यंत्राला कारखान्यातच एक क्रमांक मिळतो. त्याला मॅक पत्ता म्हणतात. बारा चिन्हांचा. सहसा पहिली सहा बनवणाऱ्या कंपनीची, उरलेली सहा त्या यंत्राची. म्हणजे आडनाव आणि नाव! पूर्वी खिशातला फोन वाय-फाय शोधताना हा क्रमांक वाटेत सगळ्यांना ऐकवत जाई. २०१३ साली लंडनच्या रस्त्यांवरच्या काही कचरापेट्या असे क्रमांक टिपू लागल्या. कोण कधी आला, पुन्हा केव्हा आला, सगळी नोंद! ओरड झाली, तेव्हा ते थांबवावं लागलं. पुढं फोन कंपन्यांनीच क्रमांक बदलता ठेवण्याची सोय केली.

जुन्या संगणकावर मात्र ते आपणच करायचं. भाच्यानं लिनक्सवर चार ओळींची आज्ञावली लिहिली आहे: जोडणी बंद कर, नवा क्रमांक तयार कर, तो लाव, जोडणी सुरू कर. संगणक बंद करून पुन्हा लावला, की मूळ क्रमांक परत येतो. म्हणून ही आज्ञावली दर वेळी आपोआप चालते.

मला त्यातला एक नियम फार आवडला. स्वतः घेतलेल्या क्रमांकाचं दुसरं चिन्ह दोन, सहा, ए किंवा ई असावं लागतं. म्हणजे जाणकाराला कळतं, हे घेतलेलं नाव आहे. दामल्यांनी 'केशवसुत' लिहिलं, गोडघाट्यांनी 'ग्रेस'. त्यात फसवणूक नव्हती. दुसऱ्याचाच क्रमांक लावून त्याच्या नावानं आत शिरणं मात्र वेगळं. कपटानं दुसऱ्याची ओळख वापरली, तर आपल्या माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६ क कलमानुसार ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

हे ऐकताना मला कॉलेजचे दिवस आठवले. मंडईजवळ खोली शोधत होतो. माझं नाव ऐकलं, की खोली नुकतीच गेलेली असायची. शेवटी मित्राच्या सांगण्यावरून दुसरं नाव सांगितलं. खोली मिळाली. घरमालकीणबाई सणाला ताट वाढून द्यायच्या. पण अब्बांची मनीऑर्डर खऱ्या नावानं यायची. पोस्टमननं ते पुकारू नये म्हणून मी दुपारी जिन्यातच उभा राहायचो. संगणकासारखं माझंही मूळ नाव पुन्हा पुन्हा परत येई. अकरा महिन्यांनी खोली सोडली, तरी बाईंना खरं सांगण्याचा धीर झाला नाही. ते अजून सलतं.

१८८६ साली 'रे मार्केट' म्हणून उघडलेली मंडई पुढं महात्मा फुल्यांच्या नावाची झाली, ती सगळ्यांदेखत. नाव बदलावं ते असं. पाळत ठेवणाऱ्यापासून लपायचा हक्क माणसाला जरूर असावा. पण नुसत्या एका खोलीसाठी कुणाला नाव लपवावं लागू नये.

भाच्याला मी हे सांगितलं. तो म्हणाला, "मामू, त्याची आज्ञावली मला येत नाही."

(आकाशवाणीवरील भाषण, संपादित)