हुबळीत उगवलेली ललितकलादर्श



 मराठी संगीत रंगभूमीचा इतिहास सांगताना पुणे, मुंबई, कोल्हापूर, सांगली ही नावे ओघानेच येतात. हुबळीचे नाव बहुधा एका तारखेपुरते येते. ती तारीख आहे १ जानेवारी १९०८. त्या दिवशी केशवराव भोसले यांनी या शहरात 'ललितकलादर्श' ही संगीत नाटक मंडळी स्थापन केली. त्यांचे वय तेव्हा अवघे सतरा वर्षांचे होते.

ही घटना हुबळीत घडावी, यात आश्चर्य वाटण्याचे कारण नाही. कापसाची पेठ आणि रेल्वेचे जंक्शन असलेले हे गाव मुंबई इलाख्यात होते. पडदे, पेट्या आणि माणसे घेऊन फिरणाऱ्या मंडळ्यांना येथे मुक्काम सोयीचा होता. मराठी समजणारा आणि गाणे त्याहूनही अधिक समजणारा प्रेक्षक येथे होता. शिवाय हे नाते जुने आहे. १८४३ साली सांगलीत विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' उभे केले, ते कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचे खेळ डोळ्यांपुढे ठेवून. त्याच वर्षी आजच्या बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे अण्णासाहेब किर्लोस्करांचा जन्म झाला. कन्नड मातीतून मराठी रंगभूमीने जे घेतले, त्याची ही केवळ दोन उदाहरणे.

केशवरावांचा जन्म कोल्हापूरचा, ९ ऑगस्ट १८९० चा. पोरवयातच ते 'स्वदेशहितचिंतक' मंडळीत दाखल झाले आणि देवलांच्या 'शारदा' नाटकातील नायिकेच्या भूमिकेने गाजले. मंडळीचा गल्ला ज्याच्या गळ्यावर भरतो, त्या मुलाला मंडळीच्या कारभारात मात्र शब्द नसतो, ही त्या काळाची रीत होती. ती झुगारून स्वतःच्या हिमतीवर बिऱ्हाड थाटणे, हे हुबळीतले खरे धाडस होय. मंडळीला त्यांनी स्वतःचे नाव दिले नाही, ललितकलेचे दिले, याचीही नोंद घ्यावी.

आरंभीच्या काळात ते स्त्रीभूमिकाच करीत. वीर वामनराव जोशी यांच्या 'राक्षसी महत्त्वाकांक्षा'तील त्यांची मृणालिनी प्रसिद्ध आहे. पुढे ते पुरुषभूमिकांकडे वळले. येथे एक विसंगती नजरेआड करून चालणार नाही. विकल्या जाणाऱ्या मुलीचे दुःख 'शारदा'ने घराघरांत पोहोचवले. पण ते दुःख गाण्यासाठी रंगमंचावर उभा होता एक मुलगा. बाईच्या वतीने रडणाऱ्या रंगभूमीवर बाईला जागा नव्हती. या परंपरेचा गौरव करताना तिच्या नावे हे देणे मांडलेच पाहिजे.

ललितकलादर्शाचे वेगळेपण कशात आहे? बालगंधर्वांच्या मंडळीचा प्राण एका व्यक्तीच्या ठायी होता. केशवरावांनी आपल्या तडफदार गायकीभोवती इतर गुणवंतांना जागा करून दिली. गायनाचार्य रामकृष्णबुवा वझे यांनी मंडळीच्या नाटकांना चाली दिल्या. मामा वरेरकरांसारखा नवा नाटककार पुढे आणला गेला, आणि हुंड्याच्या प्रथेवरील 'हाच मुलाचा बाप' पाहताना प्रेक्षकांना पुराणातल्या राजांऐवजी शेजारचे घर दिसू लागले. गाणे तेच शास्त्रोक्त राहिले, परंतु त्याच्या आगेमागे वर्तमानकाळ येऊन उभा राहिला.

८ जुलै १९२१ रोजी मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी 'संयुक्त मानापमान'चा प्रयोग झाला. भामिनी होते बालगंधर्व, धैर्यधर होते केशवराव. एरवी एकमेकींशी चुरस करणाऱ्या दोन मंडळ्या एका कार्यासाठी एकत्र आल्या. त्यानंतर तीन महिन्यांच्या आत, ४ ऑक्टोबर १९२१ रोजी, विषमज्वराने केशवरावांचे निधन झाले. वय एकतीस.

मालक गेला की मंडळी मोडते, असा अनुभव होता. ललितकलादर्श मोडली नाही. बापूराव पेंढारकरांनी धुरा उचलली. १९२२ साली आलेल्या वरेरकरांच्या 'सत्तेचे गुलाम'साठी पु. श्री. काळे यांनी रंगवलेल्या पडद्यांच्या जागी खऱ्याखुऱ्या घरासारखा देखावा उभा केला. १९३७ साली बापूराव वारले. काही वर्षांच्या खंडानंतर त्यांचे पुत्र भालचंद्र यांनी मंडळी पुन्हा उभी केली. 'दुरितांचे तिमिर जावो' आणि १९६० चे 'पंडितराज जगन्नाथ' ही नाटके याच नावाखाली आली. भालचंद्र पेंढारकर २०१५ पर्यंत हयात होते. संस्थापकाला मंडळीसाठी उणीपुरी चौदा वर्षेही लाभली नाहीत. तिच्या नावाने मात्र शतक ओलांडले.

शाहू महाराजांनी कोल्हापुरात बांधलेल्या पॅलेस थिएटरला पुढे केशवरावांचे नाव देण्यात आले. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री, त्यांच्या जयंतीच्या पूर्वसंध्येला, ते नाट्यगृह आगीत जळाले. अनेकांना अश्रू आवरले नाहीत. वास्तू पुन्हा बांधता येते. केशवरावांनी मागे ठेवलेला वारसा मात्र विटालाकडाचा नव्हता. आपण नसताना काम चालावे अशी त्यांनी लावलेली ती घडी होती.

विद्यार्थीमित्रांनो, भाषेवरून या भागात पुष्कळ कटुता झाली आहे. तिचा निवाडा करण्यास मी येथे उभा नाही. कोल्हापूरच्या एका मराठी मुलाला आपले घर उभारण्यासाठी हे गाव जवळचे वाटले आणि या गावाने त्याला ठाव दिला, एवढे मात्र आपल्या दोन्ही भाषांतल्या मुलांना ठाऊक असावे. येथून कुंदगोळ जवळच आहे. तेथले सवाई गंधर्व कन्नड मुलखातून येऊन मराठी रंगभूमीवर गाजले आणि पुढे गंगूबाई हनगल, भीमसेन जोशी यांचे गुरू झाले. ही देवघेव पाठ्यपुस्तकात येईल तेव्हा येवो. तोवर ती शाळेने सांगावी, आणि सांगण्याआधी ते गाणे मुलांना ऐकवावे.