फोटो आडवा का पडतो?

लोणारला गेलेला माणूस सरोवराचा फोटो काढल्याशिवाय सहसा परतत नाही. उल्केच्या आघाताने झालेले, सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे ते विवर आहेच तसे. जून २०२० मध्ये त्याचे पाणी गुलाबी झाले, तेव्हा तर तेच चित्र मोबाइलमोबाइलवर फिरत होते. पण फोनमध्ये सरळ दिसणारा असा एखादा फोटो आपण झेरॉक्सच्या दुकानात छापायला नेतो आणि तिथल्या संगणकावर तो आडवा पडतो. सरोवराचा काठ भिंतीसारखा उभा, काठावरचे झाड निजलेले. लगेच निकाल लागतो : फोन बिघडला! बहुधा तसे नसते.

कॅमेऱ्यातला प्रकाश टिपणारा सेन्सर फोनमध्ये पक्का बसवलेला असतो. बहुतेक फोनमध्ये त्याची मांडणी अशी असते की, फोन उभा धरून काढलेला फोटोही आत आडवाच उमटतो. मग फोन त्याला एक चिठ्ठी जोडतो : ‘दाखवताना मला उजवीकडे पाव फेरा फिरवा.’ या चिठ्ठीची रीत एक्झिफ नावाने १९९५ साली जपानमध्ये ठरली. चिठ्ठीत १ ते ८ यांपैकी एक आकडा असतो. १ म्हणजे आहे तसा, ३ म्हणजे डोके खाली, ६ म्हणजे उजवीकडे पाव फेरा आणि ८ म्हणजे डावीकडे. उरलेले चार आकडे आरशातल्यासारख्या उलट्या प्रतिमेसाठी. अशा प्रतिमेत मागच्या दुकानाची पाटी मराठी असो की उर्दू, दोन्ही सारख्याच वाचता येत नाहीत!

आता अ‍ॅप बनवणाऱ्यांचे काम. त्यांच्यापुढे दोन सरळ वाटा आहेत. फोटो खरोखर फिरवून चिठ्ठीत १ लिहावा, किंवा फोटो आहे तसा ठेवून चिठ्ठी बरोबर लिहावी. फोटो फिरवला आणि जुनी चिठ्ठीही तशीच ठेवली, तर तो दोनदा फिरतो. फोटोचा आकार कमी करताना काही अ‍ॅप चिठ्ठी काढून टाकतात. काढायला हरकत नाही, पण फाडण्याआधी ती वाचावी आणि फोटो सरळ करून घ्यावा.

चिठ्ठीत काय लिहायचे हे फोनला कसे कळते? दुसरा एक छोटा सेन्सर पृथ्वीची ओढ कोणत्या बाजूला आहे हे पाहतो. पण फोन जमिनीला समांतर धरला, की ओढ थेट त्याच्या पाठीकडे जाते. वरची बाजू कोणती, हे त्याला उमगत नाही. टेबलावरच्या सातबाराचा फोटो काढताना किंवा वाकून सोयाबीनच्या शेंगा टिपताना नेमके हेच होते.

आपल्या बुलडाणा जिल्ह्यात ही बाब किरकोळ नाही. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यात ई-पीक पाहणी सुरू झाली आणि शेतकरी स्वतःच्या पिकाचा फोटो स्वतः पाठवू लागला. पूर्वी फोटो म्हणजे लग्नाची आठवण. आता तो साक्षीदारही झाला आहे. दूर कचेरीत बसलेल्या माणसाने आपले शेत पाहिलेले नसते. त्याच्यापुढे असतो तो फक्त फोटो. साक्षीदाराचे म्हणणे चटकन समजावे, एवढी काळजी अ‍ॅप बनवणाऱ्याने घ्यायला हवी आणि थोडी आपणही.

आपल्या हाती काय आहे? खालच्या वस्तूचा फोटो काढताना फोन आधी क्षणभर उभा धरा, मग हळूच वाकवा. काढलेला फोटो तिथेच पाहा. आडवा दिसला तर फिरवा, जतन करा आणि मगच पाठवा. शेतातून निघण्यापूर्वी एवढे केले, तर त्याच फोटोसाठी पुन्हा बांधावर जावे लागणार नाही.