ज्यू की दास?



एकाच ग्रंथातून प्रार्थना म्हणणाऱ्या दोघांपैकी एकजण दुसऱ्याच्या मालकीचा असू शकतो काय? हा प्रश्न मी वकिलाच्या नात्याने आपणांपुढे ठेवीत आहे. मॅथ्यू लोपेझ या अमेरिकन लेखकाचे ‘द व्हिपिंग मॅन’ हे नाटक याच प्रश्नाभोवती उभे आहे. २००६ साली न्यू जर्सी राज्यातील माँटक्लेअर येथे ते प्रथम रंगभूमीवर आले.

काळ एप्रिल १८६५चा, स्थळ रिचमंड. दास्य टिकविण्यासाठी लढलेल्या दक्षिणेचा सेनापती ली ९ तारखेस शरण गेला आहे. एका ज्यू मालकाच्या जळक्या घरात तिघेच उरले आहेत: मालकाचा जखमी पुत्र केलेब, आणि कालपर्यंत त्या घरचे दास असलेले सायमन व जॉन. हे दोघेही ज्यू संस्कारांत वाढलेले. केलेबचा सडलेला पाय कापावयाचा तो सायमननेच.

अशा घरी वल्हांडण साजरा होतो. मिसरच्या दास्यातून झालेल्या सुटकेचा हा सण! बेखमीर भाकरीच्या जागी शिपायांची कडक बिस्किटे. त्या घरात ही मुक्तीची कथा वर्षानुवर्षे सांगितली गेली, आणि ती ऐकणाऱ्यांत दासही होते. कोणा मालकास त्यात विसंगती दिसली नाही. दासाला फटके द्यावयाचे तर त्यासाठी निराळा चाबूकवाला असे. नाटकाचे नाव त्याच्यावरून आहे. मात्र केलेबने एकदा तोच चाबूक स्वतःच्या हाती घेऊन जॉनला मारले होते.

जॉन वाचणारा तरुण. लेवीय ग्रंथाच्या २५ व्या अध्यायाची आज्ञा त्याला ठाऊक आहे: इस्राएली बांधवास दास करू नये, दास घ्यावयाचे ते परराष्ट्रांतून. तो विचारतो, आम्ही ज्यू होतो की दास? ज्यू होतो म्हणाल, तर मालकाने आपलाच धर्म मोडला. दास होतो म्हणाल, तर आम्हांस प्रार्थना कशासाठी शिकविली? कोणत्याही न्यायालयात उलटतपासणी याहून नेमकी होणार नाही.

हा पेच कवीकल्पना नव्हे. चार्ल्सटनच्या बेथ एलोहिम मंडळीने १८२० साली आपल्या नियमांत कृष्णवर्णीयांस धर्मांतर करून आत येण्यास मज्जाव केला होता. ४ जानेवारी १८६१ रोजी न्यूयॉर्कचे रब्बी राफल यांनी दास्य शास्त्राविरुद्ध नाही असे प्रवचन दिले. दास्याचा निषेध करणारे रब्बी आइनहॉर्न यांना त्याच वर्षी बाल्टिमोर सोडावे लागले. ग्रंथ दोघांचा एकच!

आता हिशेबाची बाजू पाहा. १८६२ साली वॉशिंग्टन शहरातील दास मुक्त झाले, तेव्हा मालकांस दर दासामागे तीनशे डॉलरपर्यंत भरपाई देण्यात आली. आयुष्यभर राबलेल्यास त्या श्रमांची मजुरी मिळाली नाही. नाटकातला सायमनही मालकाने कबूल केलेल्या पैशांची वाट पाहत बसला आहे. डिसेंबर १८६५मध्ये तेराव्या घटनादुरुस्तीने दास्य संपविले, पण गुन्ह्याची शिक्षा तेवढी वगळून. कायदा वाचताना ‘वगळून’ या शब्दापाशी अवश्य थांबावे. दक्षिणेत कैद्यांना मजुरीस भाड्याने देण्याची प्रथा त्याच फटीतून वाढली.

सायमनला शेवटी कळते की त्याची पत्नी व मुलगी मालकाने विकून टाकली आहे. मुलगी केलेबपासून गरोदर होती. पैशांची वाट पाहणे सोडून तो त्या दोघींच्या शोधात बाहेर पडतो. घरात केलेब आणि जॉन उरतात, आणि जॉनचा प्रश्न.