गोधडीतली गाठ
(स्नेहमेळाव्यातील मनोगत)



मी गोधड्या शिवते. वर्गात शिवणाच्या तासाला सगळ्यांत जास्त बोलणी मीच खाल्ली, हे तुम्हाला आठवत असेलच. म्हणून आज बाईंसमोर एक कबुली द्यायची आहे.

आठवीत बाईंनी माझा रुमाल उलटा केला, एका गाठीला नख लावलं आणि अख्खी ओळ सर्रकन उसवली. म्हणाल्या, "गाठ दोऱ्याला धरते गं. कापडाला धरतो तो उलटा टाका." मला राग आला होता. गाठ मोठी मारली की झालं, असं मी पुढं कितीतरी वर्षं मानत आले.

मग एका बाळंतिणीसाठी मऊ, जुन्या सुती साड्यांची गोधडी शिवून दिली. दोन-तीन धुण्यांतच ती परत आली. जुन्या लुगड्याचं सूत विरलेलं असतं. त्यातून माझ्या गाठी निसटल्या आणि धावदोरा सैल झाला. सुटलेल्या दोऱ्यात बाळाचं बोट अडकलं होतं. आईचं वेळीच लक्ष गेलं म्हणून बोट नुसतं लाल होण्यावर निभावलं. मी पैसे परत केले, पण त्या रात्री मला झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी बाईंची पद्धत आठवून पुन्हा सुरुवात केली. दोरा हातभरच घ्यायचा, लांब घेतला तर गुंततो. सुईवर तीन वेढे घेऊन ते चिमटीत धरायचे आणि सुई ओढायची, की टोकाला बारीक गाठ बसते. जिथं पहिला टाका घालायचा, त्याच्या दोन बोटं अलीकडून सुई फक्त वरच्या कापडातून आत घालायची, मधल्या थरातून नेऊन टाक्याच्या जागी काढायची. दोरा हलकेच ओढला की गाठ टप्‌कन आत जाते. मग त्याच जागी एक उलटा टाका घालायचा आणि पुढं धावदोरा.

संपवताना दोरा वीतभर उरला की थांबायचं. दोन उलटे टाके घालायचे, कापडालगत गाठ मारायची, सुई आतल्या थरातून दोन बोटं पुढं काढायची आणि गाठ आत ओढून घ्यायची. दोरा जरा ताणून कापला की टोकही आत जातं. वर काहीच दिसत नाही, बोटालाही लागत नाही.

त्या बाळासाठी मी नवी गोधडी शिवून दिली. पुढं त्याच्या धाकट्या बहिणीनंही तीच पांघरली.

बाई, आज तुमच्यासाठी एक गोधडी आणली आहे. घडी मोडा, उलटी करा आणि तेव्हासारखंच नख लावून बघा. सुटली तर सगळ्यांसमोर बोला. मला राग येणार नाही.